मागच्या आसनावरचे प्लास्टिक

नवी गाडी घ्यावयाची असे घरात एकदा ठरले की रंग कोणता असावा, सनरूफ हवे की नको, देवाची मूर्ती पुढे कोठे बसवावी, अशा अनेक विषयांवर चर्चा होते. गाडीत कोणी बसावे, यावर मात्र कोणाच्या घरी चर्चा होत नसावी, कारण ती गोष्ट सर्वांनी गृहीत धरलेली असते. परंतु वाचकहो, वरसोलीच्या कोळीवाड्यात राहणाऱ्या केतन धर्मा नाखवा याच्या घरी एका रविवारी नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

केतन अलिबाग येथील एका कार्यालयात लिपिक होता. पदवीधर, निर्व्यसनी व नम्र असा त्याचा लौकिक होता. त्याची आई येसूबाई गेली पस्तीस वर्षे मासळी विकत होती. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन नागाव-चौलपर्यंत दारोदार फिरत असे, अलीकडे अलिबागच्या बाजारात तिची ठरलेली जागा होती. केतनचे वडील धर्मा होडीवर जात. "एकदा तुला गाडी करून हरिहरेश्वराला नेतो," असे त्यांनी येसूबाईला सांगून ठेवले होते. ते न घडताच ते वारले. मुलाने गाडीचे नाव काढल्यापासून येसूबाईच्या मनात एवढी एकच इच्छा होती, की मुलाच्या गाडीत बसावे आणि हरिहरेश्वराला जाऊन यावे.

केतनला एक सवय होती. तीन वर्षांपूर्वी कार्यालयात केतन खुर्चीवर बसताच एका सहकाऱ्याने खिडकी उघडली आणि विचारले, "नाखवा आले वाटतं. आज बाजारात सुरमई का?" सगळे हसले. केतनही हसला. त्या संध्याकाळी त्याने अंगावर मारावयाच्या सुगंधी स्प्रेचा एक डबा विकत घेतला. तेव्हापासून तो डबा त्याच्या खिशातून अगर पिशवीतून कधी हलला नाही. सकाळी निघताना तो सदऱ्यावर इतके फवारे मारी, की ओटीवर बसलेली माणसे खोकत बाहेर येत.

त्या रविवारी टेस्ट ड्राईव्हला जावयाचे होते. सकाळी केतन पत्नीला, कल्पिताला, म्हणाला, "तुळशीराममामांना घेऊ. त्यांना गाडीतलं कळतं. आईला कशाला उगीच? ती बाजारातून दमून येणार."

कल्पिता भाकरी थापता थापता म्हणाली, "आईंनी सोमवारपासून लुगडं काढून ठेवलंय. तुम्हीच सांगा त्यांना, मी न्हाय सांगणार."

केतनला ते सांगता आले नाही.

अकरा वाजता येसूबाई बाजारातून परस्पर गाड्या विकणाऱ्या दालनावर आली. बाजारातच लिंबाने तीनदा हात धुऊन, हिरवे लुगडे नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून ती आली होती. तिच्या अंगाला मासळीचा वास होता की नव्हता, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. केतनला मात्र तो येत होता.

दालनातला विक्रेता चिराग हा तरुण गाडीचे गुण भराभर सांगू लागला. सहा एअरबॅगा, चारी बाजूंना कॅमेरे, आसनातून निघणारी थंड हवा, बोलल्यावर ऐकणारा पडदा. केतनने त्याला जरा बाजूला घेतले आणि आवाज खाली करून म्हणाला, "मागच्या सीटवर प्लास्टिक घालता का? एकाच बाजूला घाला. आई बाजारातून आलीय."

"अरे सर, टेन्शन नका घेऊ. डेमो गाडी आहे, दिवसभर लोक बसतात."

"घाला हो."

चिरागने नाइलाजाने एक पारदर्शक कागद आणला आणि चालकाच्या मागच्या जागेवर पसरला. बाकीच्या दोन जागा मोकळ्या राहिल्या. येसूबाईने ते पाहिले. पस्तीस वर्षे गिऱ्हाइकाचा चेहरा वाचणाऱ्या बाईला कोणी काही सांगावे लागत नाही. ती मुकाट्याने त्या प्लास्टिकवर बसली. शेजारी कल्पिता बसली, पलीकडच्या दाराशी तुळशीराममामा. चिराग पुढे बसला. केतनने सवयीप्रमाणे खिशातला डबा काढला, स्वतःवर आणि गाडीतल्या हवेत दोन फवारे मारले, आणि गाडी सुरू केली.

गाडी रेवदंड्याच्या रस्त्याला लागली. येसूबाई जरा हलली की तिच्याखालचे प्लास्टिक कुरकुरत असे, म्हणून ती हलेनाशी झाली. तिला एक शिंक आली, मग दुसरी.

"एसी लागतोय का आई?" कल्पिताने विचारले.

"न्हाय गो. बरा हाय."

चिराग सांगत होता, "काका, गाडी पट्टा सोडून बाहेर गेली ना, तर स्टिअरिंग आपोआप थरथरतं. सेफ्टी आहे."

येसूबाईचे मोठे भाऊ तुळशीराम हे पूर्वी याच रस्त्यावर सहा आसनी रिक्षा चालवीत. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "या रस्त्याला पट्टाच न्हाय रे बाबा. तिला थरथरायला कधी मिळायचं?"

सर्वजण हसले, येसूबाईसुद्धा. ते हसू फार वेळ टिकले नाही. अक्षीचा पूल ओलांडल्यावर चिरागने पडद्यावरील एक बटण दाबले व तो अभिमानाने म्हणाला, "आणि हे बघा. हवा साफ करायचं मशीन. आतली हवा किती खराब आहे ते आकड्यात दाखवतं. पन्नासच्या आत असेल तर एकदम मस्त."

पडद्यावर आकडा उमटला. एकशे नव्वद. बघता बघता तो दोनशे चाळीस झाला आणि लाल दिसू लागला.

"सर, ते ॲक्च्युअली," चिराग चाचरत बोलू लागला.

"असू द्या, चालायचंच," केतनने त्याला तोडले. त्याचे कान तापले होते. त्याने आरशातून मागे पाहिले आणि आपल्या हाताजवळचे एक बटण दाबले. मागची एक काच खाली गेली. फक्त येसूबाईच्या बाजूची.

खारा वारा आत आला व येसूबाईच्या केसांतली अबोलीची दोन फुले प्लास्टिकवर पडली. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बाला, गाडी थांबव. मी उतरते."

"का गं आये?"

"मी उतरले का तुझा आकडा उतरंल."

नागावच्या अलीकडे, पिंपळाखालच्या थांब्यावर गाडी उभी राहिली. येसूबाई उतरली आणि पाठमोरी होऊन थांब्याच्या बाकावर बसली. केतनला वाटले, आईला वाईट वाटले खरे, पण गाडी परत देताना आत वास राहिला तर दालनातली माणसे काय म्हणतील? त्याने काच वर केली, डबा काढला, आणि मागच्या मोकळ्या जागेवर चांगले तीन फवारे मारले.

आकडा चढू लागला. तीनशे. तीनशे साठ. चारशे ऐंशी!

कल्पिताने पदर नाकाला लावला. ती पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई तर उतरल्या. मग हा आता कोणाला मोजतोय?"

चिरागने एकवार केतनकडे पाहिले. गिऱ्हाईक जाईल ही भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. तरीही तो म्हणाला, "सॉरी सर, मघाशीच सांगणार होतो. हे मशीन मच्छीचा वास नाही ओळखत. हवेत उडणारे बारीक कण मोजतं. धूळ, धूर, नाहीतर असा स्प्रे. पहिल्यापासून तो आकडा तुमच्या स्प्रेचा होता. मम्मींचा काहीच संबंध नाही."

सुज्ञ नागरिकहो, त्या क्षणी केतनच्या मनाची काय अवस्था झाली असेल! ज्या माउलीला त्याने दोषी धरले होते ती रस्त्याच्या कडेला बसली होती, आणि दोष त्याच्याच मुठीत होता. तथापि माणसाचे मन एका आकड्याने बदलत नाही. केतन पुटपुटला, "मशीनचं सोडा हो. लोकांना तर वास येतोच ना? मी काय मुद्दाम करतो का? हापिसात बसायचं असतं मला."

तेव्हा मामा बोलले.

"केतन, हा थांबा ओळखतोस?"

"नाही मामा."

"मी ओळखतो. सहा आसनी चालवायचो तेव्हा थांब्यावर मासळीची पाटी दिसली की मी गाडी हळू करायचो न्हाय. पॅसेंजर नाक मुरडायचे, उतरून दुसऱ्या गाडीत बसायचे. एकदा दुपारची वेळ. या थांब्यावर येसू उभी होती. तू तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असशील. तिने हात केला. मी बघितलं. मी बघितलेलं तिनेही बघितलं."

"मग?"

"मग काय. पॅसेंजर घेऊन सरळ गेलो. सख्खी बहीण पाटी डोक्यावर घेऊन अलिबागपर्यंत चालत आली. रात्री मी तुमच्या घरी जेवायला होतो. तिने मला वाढलं. एक शब्द बोलली न्हाय. किती वर्षं झाली, मी वाट बघतोय, ती कधी बोलेल म्हणून."

मामांनी चष्मा काढून हातात धरला.

"आणि ते नाक मुरडणारे पॅसेंजर कोण होते माहीत हाय? तिचीच गिऱ्हाइकं. घरी जाऊन तिच्याच पाटीतले बोंबील खायचे. बोंबील चालतात, पाटीवाली चालत न्हाय. मी गाडीवाला माणूस, मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, ती माझी चूक. पण माझ्या गाडीत परके लोक तरी होते रे. तुझ्या गाडीत आज परका कोण हाय? कोणासाठी घातलंस ते प्लास्टिक?"

ज्या पाटीने केतनची फी भरली, ज्या पाटीने त्याला त्या कार्यालयातील खुर्चीपर्यंत नेले, त्या पाटीला तो खुर्चीवर बसून लपवीत होता. सहकारी एकदाच हसला होता. केतन मात्र तीन वर्षे रोज सकाळी त्या सहकाऱ्याच्या बाजूने उभा राहत होता.

तो खाली उतरला. मागचे दार उघडून त्याने ते प्लास्टिक ओढून काढले, त्यावरची अबोलीची दोन फुले तेवढी उचलली, आणि बाकावर आईच्या शेजारी जाऊन बसला.

"आये, चल."

"गाडी बेस हाय. घे तू." येसूबाई समोरच्या नारळीच्या वाडीकडे बघत म्हणाली. "पन मना तीत बसवू नको. हरिहरेश्वराला मी एस्टीनं जाईन."

"माझं चुकलं."

"हापिसात काय सांगितलंस रे, तुझी आये काय करते म्हणून?"

केतनने मान खाली घातली. "व्यवसाय करते, एवढंच सांगितलं."

"मंग बराबर सांगितलंस की. येवसायच हाय." ती किंचित हसली. ते हसू केतनला रागापेक्षा जड गेले. त्याने खिशातला डबा काढून तिच्या हातावर ठेवला.

"हा तू ठेव. मला नको आता."

येसूबाईने डबा नाकाशी नेला आणि तिला लागोपाठ तीन शिंका आल्या. डोळे पुसत ती म्हणाली, "तीन वर्सं झाली बाला. सकालची तू हा मारतोस, आनि मी मागच्या दारी जाऊन बसते. शिंका येतान, डोकं धरतं."

केतन चकित झाला. "मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पोराचा वास हाय. पोराच्या वासाला कोनी नाव ठेवतं का?"

केतनने तिचा हात हातात घेतला. मीठ आणि बर्फ यांनी सोललेला, लिंबाने धुतलेला तो हात त्याने कितीतरी दिवसांनी धरला होता. मग येसूबाईच म्हणाली, "ऊठ आता. त्या पोराला दुसरं गिऱ्हाईक असंल."

केतनने गाडीचे पुढचे दार उघडले. चिराग हसतमुखाने मागे जाऊन बसला. येसूबाईने पुढच्या आसनावर बसण्यापूर्वी पदराने ते आसन झटकले, जणू ते स्वतःच्या घरचेच आहे. मग ती मागे वळून भावाला म्हणाली, "दादा, आज थांबली हां गाडी या थांब्यावर."

तुळशीराममामांनी तोंड खिडकीकडे फिरविले. बराच वेळ ते चष्मा पुशीत होते.

चारी काचा खाली करून गाडी निघाली. कोठेतरी वाळत घातलेल्या मासळीचा वास वाऱ्याबरोबर आत आला, आणि कोणी काच वर केली नाही. कल्पिताने मागून सासूला फवाऱ्याचा आणि चारशे ऐंशीचा सगळा प्रकार सांगितला, तेव्हा येसूबाईने पडद्याकडे बोट केले.

"आता कितीचा आकडा?"

"बावीस," चिराग मागून म्हणाला.

"म्हंजे मी बावीस, आनि हा चारशे!"

गाडीतले सगळे हसले. सर्वांत मोठ्याने केतन हसला.

दुसऱ्या दिवशी केतन फवारा न मारता कार्यालयात गेला. दुपारी त्याने जेवणाचा डबा उघडला, त्यात आईच्या हातचे सुके बोंबील होते. खिडकीजवळचा तोच सहकारी काही बोलणार, तोच केतन म्हणाला, "माझी आई बाजारात बसते. तिसऱ्या रांगेत, दुसरी. पाहिजे असतील तर माझं नाव सांगा, चांगले देईल." सहकाऱ्याने जरा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि दोन तुकडे उचलून आपल्या डब्याच्या झाकणात घेतले.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असे एखादे प्लास्टिक अंथरलेले असते. कोणी बापाचा मळका सदरा पाहुण्यांसमोर लपवितो, कोणी आईची बोली लपवितो, कोणी तिची पाटी. शिकून आपण मोठे झालो याचा अर्थ, ज्यांनी शिकविले त्यांच्यापासून दूर बसण्याचा अधिकार मिळाला, असा नव्हे. कष्टाच्या वासाने कोणाची हवा बिघडत नाही. हवा बिघडते ती तो वास झाकू पाहणाऱ्या लाजेने. ती लाज आपण प्रथम आपल्या घरातून बाहेर काढली पाहिजे.

पुढच्या महिन्यात तशीच नवी, केतनची स्वतःची गाडी वरसोलीच्या कोळीवाड्यातून हरिहरेश्वराकडे निघाली. डिकीत नात्यातल्या माणसांसाठी सुक्या मासळीची पाटी होती. पुढच्या आसनावर, नव्या लुगड्यात, येसूबाई बसली होती. तिच्या मांडीवर धर्मांचा फोटो होता, आणि त्या फोटोला केतनने निघताना आपल्या हाताने अबोलीचा वळेसर घातला होता.