रडणाऱ्या मिठाची टोपली

मित्रांनो, गोठ्याच्या कोपऱ्यात ती तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली आहे ना, तिच्या खाली मी आहे. जरा हळू बोला. ती उठली तर माझी गोष्ट अर्धी राहील आणि तुमच्या हाताला चोच बसेल ती वेगळीच.

मी मिठाची टोपली. आता माझ्यात अंडी असतात, ही गोष्ट खरी. पण म्हणून कुणी मला अंड्यांची टोपली म्हणू नये. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेल्यांना जुन्या नावानेच हाक मारायची असते, एवढी रीत तुम्हालाही ठाऊक असेल.

माझा जन्म बाजारकुणंगच्या पुढे रानातल्या एका वाडीत झाला. सुप्याचं धरण भरू लागलं होतं, ते साल. झिलू आजोबांनी कोवळा चिवा, म्हणजे बारीक बांबू, तोडला, त्याच्या पातळ पट्ट्या काढल्या आणि तीन दिवस बसून मला विणलं. तोंड रुंद, बूड निमुळतं, आणि अगदी टोकाला करंगळी जाईल एवढी फट. ती फट चुकून राहिलेली नव्हती, मुद्दाम ठेवलेली होती. ते पुढे येईलच.

मला चुलीच्या वर टांगलं. माझ्यात जाडं मीठ भरलं आणि खाली एक करवंटी बांधली. आमच्या रानात पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. नंतरही पहाटे धुकं असतं. त्या ओलीने मिठाला पाणी सुटतं, ते माझ्या टोकातून थेंब थेंब करवंटीत पडतं आणि वर राहतं ते मीठ चुलीच्या धगीने कोरडं होतं. झिलू आजोबा याला मिठाचं रडणं म्हणत.

"मीठ रडलं पायजे," ते सांगत. "रडून त्याचा मळ जातो. जे रडत न्हाई ते मीठ न्हवं, ती वाळू."

करवंटीतलं पाणी फेकत नसत. ते कोंड्यात कालवून चांद्या बैलाला देत. माझी कीर्ती अशी की शेजारच्या वाडीतून बायका मला बघायला येत आणि घरी जाऊन आपापल्या म्हाताऱ्यांना टोचून बोलत. मला गर्व झाला होता, हे मी कबूल करते. मळ काढून निव्वळ शुद्ध मीठ घराला देणारी आपल्यासारखी दुसरी नाही, असंच मला वाटे.

त्या घरात केशर होती. झिलू आजोबांची नात, त्यांच्या सुनेची, फुलाची मुलगी. चौथीत दोनदा बसली होती. बाप वासू लाकूडतोडीच्या कामाला महिना महिना रानात असे, म्हणून पोरीचं सगळं फुलाच पाही. केशर हाक मारल्यावर थोड्या वेळाने 'ओ' देई. उन्हातही चुलीजवळ येऊन बसे. पाढे येत, पण सातचा पाढा आठवेपर्यंत मास्तर आठच्या पाढ्यावर गेलेले असत. सगळे तिला आळशी म्हणत. मीसुद्धा मनात म्हणत होते.

मग तिचा गळा पुढे आला. दुखत नव्हता, खुपत नव्हता, नुसता भरत होता. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांची सर होती. फुलाने ती एकदा सैल केली, दोरा संपला तेव्हा मागे लाल दोऱ्याचा तुकडा जोडला. पुढच्या वर्षी आणखी एक.

सन त्र्याण्णवच्या सुमारास रामनगरच्या नर्स सुमनबाई वाडीत आल्या. त्यांनी पोरांचे गळे चाचपले आणि अंगणात एक चित्र टांगलं. "आपल्या गळ्यात एक गाठ असते, थायरॉइड म्हणत्यात तिला," त्या म्हणाल्या. "तिला रोज कणभर आयोडीन लागतं. आपल्या डोंगरातलं पावसानं कवाच धुवून नेलंय. मग ती गाठ बिचारी जास्त राबती, फुगती, आणि पोरगं सुस्त हुतं. हे पिशवीचं मीठ खावा. त्यात आयोडीन घातलेलं हाय."

"किती दिस?" फुलाने विचारलं.

"वरीसभर तरी खा. मग बघू."

झिलू आजोबांना हे पटलं नव्हतं. पण त्यांनी शब्द दिला. "शिमग्यापातूर बघतो. पुढच्या शिमग्याला गळा हाय तसाच असला तर साळा बंद. पोरगी गोरांमागं रानात जाईल. बसून तरी काय करती ती?"

त्या दिवसापासून फुला रामनगरच्या बाजारातून पिशवीचंच मीठ आणू लागली. जाऊन येऊन दिवस मोडे, पायात जळवा घेऊन परत येई. पिशवीवर हसरा सूर्य छापलेला होता. ती पिशवी दातांनी फोडी आणि सगळं मीठ माझ्यात ओती. आणि मी, मित्रांनो, जे शिकले होते ते मन लावून केलं. तेही मीठ मी रडवलं. चांगलं, मनसोक्त रडवलं.

शिमगा आला. केशरचा गळा उतरला नव्हता. लाल दोऱ्याला तिसरा तुकडा लागला होता.

सुमनबाई पुन्हा आल्या तेव्हा फुलाने त्यांना बसा म्हटलं नाही. आमच्याकडे हा फार मोठा अपमान असतो.

"तुमी फशिवलं मला," ती म्हणाली. "वरीसभर पाय तोडले. पिशवीवरला सूर्य हसतोय, मला वाटलं माझ्या पोरीकडं बघून हसतोय. तो मलाच हसत हुता!"

"फुलाक्का, दुसरं मीठ तर न्हाई ना खाल्लं घरात?"

"देवाची आण. दुसरा खडा न्हाई आला या घरात."

"उद्यापासनं पोरगी गोरांमागं," झिलू आजोबा ओसरीवरून म्हणाले. "माझा शब्द झाला."

केशर दाराच्या आड उभी होती. तिने दप्तराचा बंद मुठीत घट्ट धरला होता. आळशी पोरगी दप्तर असं धरत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

सुमनबाई सरळ चुलीपाशी आल्या. मान वर करून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, कौतुक करतील. सवय होती मला.

त्यांनी आपल्या झोळीतून एक छोटी बाटली काढली. फुलाने कालच आणलेली मिठाची पिशवी फोडून चिमूटभर मीठ ताटलीत घेतलं आणि वर बाटलीतला थेंब टाकला. मीठ निळंशार झालं.

"आयोडीन असलं की निळं हुतंय," त्या म्हणाल्या.

मग माझ्यातलं मीठ घेतलं. थेंब टाकला. मीठ पांढरंच राहिलं. दुसरा थेंब टाकला, तरी पांढरंच.

सुमनबाईंनी करवंटी सोडवून खाली घेतली, तळाशी साठलेलं पाणी ताटलीत ओतलं आणि त्यात थेंब टाकला.

ते निळं झालं.

"हे पाणी कुठं टाकता?"

फुलाने बोट गोठ्याकडे केलं. चांद्या बैल निवांत रवंथ करत होता. अंगावर तकाकी, डोळ्यांत हुशारी. अख्ख्या घरात पोटभर आयोडीन मिळालं होतं ते त्या एकट्याला. त्याला सातचा पाढा विचारला असता तर, मला वाटतं, त्याने सांगितला असता.

"चूक माझीबी हाय," सुमनबाई खाली बसत म्हणाल्या. "कुठलं मीठ खायचं ते चार वेळा सांगितलं. ठेवायचं कुठं, ते एकदाबी न्हाई."

खरंच होतं. त्यांच्या चित्रात गळा होता, पिशवी होती, सूर्य होता. चुलीवरची टोपली कुणीच काढली नव्हती.

झिलू आजोबा उठले. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील. मीठ रडलं पायजे, हे त्यांनीच तर मला शिकवलं होतं. फट त्यांनीच ठेवली होती. त्यांनी हात वर केला, शिंक्याची दोरी कोयत्याने कापली आणि मला अंगणात भिरकावलं. माझा काठ दगडावर आपटून फाटला.

"नातीच्या वाटचं बैलानं खाल्लं," ते म्हणाले. मग कोयता खुंटीला अडकवला. "पोरगी साळंत जाऊ दे. गोरं मी राखतो."

"मामंजी, तुमचा गुडघा…"

"गुडघ्याला काय साळंत जायचंय?"

दुसऱ्या दिवशी मिठासाठी झाकणाची बरणी आली. ती चुलीपासून लांब, कोरड्या फळीवर बसली. तिला ना छिद्र, ना मत. मी गोठ्यात आले. चांद्या महिनाभर बिनमिठाच्या कोंड्याला तोंड लावीना आणि माझ्याकडे असा बघे, की जणू मीच त्याला दगा दिला. त्या घरातल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी दगा दिला होता, पण अंगणात फेकली गेले ती मी एकटी. जन्मभर मीठ सांभाळलं, आणि खाल्ल्या मिठाला जागली नाही असा ठपका माझ्यावर! माझा घात केला तो कौतुकाने. कुणी एकदा तरी विचारलं असतं, अगं, तू गाळतेस ते नेमकं काय?

केशरचा गळा काही जादूने उतरला नाही. हळूहळू उतरला. आधी ती हाकेला लगेच 'ओ' देऊ लागली. मग चुलीजवळून उठून अंगणात खेळू लागली. पुढच्या वर्षी ती चौथी पास झाली, तेव्हा झिलू आजोबा गोरांमागून लंगडत आले आणि तिने न विचारता त्यांना सातचा पाढा म्हणून दाखवला.

त्याच पावसाळ्यात ती एकदा अंडी न्यायला गोठ्यात आली. माझा फाटका काठ तिने बोटाने चाचपला. मग गळ्यातली सर काढली. मण्यांच्या मागे लाल दोऱ्याचे तीन तुकडे उगाच लोंबत होते. तिने ते दातांनी तोडले आणि त्याच दोऱ्यांनी माझा काठ शिवून टाकला.

तेव्हा मित्रांनो, घरी जाल तेव्हा मीठ कुठं ठेवलंय ते बघा. झाकून, कोरडं, धगीपासून लांब असू द्या. आणि घरात माझ्यासारखी एखादी जुनी, नावाजलेली वस्तू असेल, तर तिचं कौतुक करण्याआधी तिच्या खालच्या करवंटीत डोकवा.

झिलू आजोबांना मी माफ केलं का? नाही केलं. पण लाल दोरा घट्ट आहे. अजून एकही अंडं पडलेलं नाही.