झाकणावरचे डोळे

राघू जेवितो गो बाई, नको रोखून पाहू
पाठ फिरवून बस, मग लागेल तो खाऊ

आईची ही ओवी चंद्रावतीला लहानपणापासून पाठ होती. पण त्या श्रावणात ती ओवी आठवूनही न आठवल्यासारखं करत होती.

साल एकोणीसशे चौसष्टचं. पेणच्या कुंभारआळीत दिनानाथच्या गणपतीच्या कारखान्यासमोर माणसांची रीघ लागलेली. आत त्याची बायको चंद्रावती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होती. एक बुबुळ झालं, दुसरं झालं, कुंचला उचलला, आणि आढ्याला टांगलेल्या पिंजऱ्यातला राघू काळीज चिरावं तसा किंचाळला.

"देव आला," गर्दीनं हात जोडले.

"मी सांगतो ना, हा साधा राघू नव्हे, शुकमुनी आहेत," दाराशी पाट टाकून बसलेला नाथाबुवा म्हणाला. "मुनींचं मौन असतं. पण मूर्तीत प्राण उतरला की त्यांना राहवत नाही."

"बुवा, मुनी पेरूला तोंड लावत नायत," शेजारची मालू म्हणाली.

"चातुर्मास आहे, बाई."

"आणि अंगावरची पिसं उपटतात ती?"

"दान करतात." बुवानं खाली पडलेलं पीस उचलून ताइतात भरलं.

हा राघू दिनानाथनं रोह्याच्या बाजारातून आणलेला. चिठ्ठ्या काढणाऱ्या ज्योतिष्यानं, चावतो म्हणून, टाकून दिलेला. घरी आला तेव्हाही हात दिसला की चावायचा, पण खायचा तरी. कारखान्यात वारा लागेल म्हणून पिंजरा तिथं टांगला, तेव्हा फळ्यांवरच्या मूर्ती कोऱ्या होत्या. श्रावणात आखणी सुरू झाली आणि राघू ओरडू लागला. आता त्याची छाती उघडी पडली होती, सोललेल्या चिंचेसारखी.

एका दुपारी, कोणी नसताना, चंद्रावतीनं नवा कुंचला कसा चालतो ते बघायला मडक्याच्या झाकणावर दोन डोळे काढले होते. राघू तसाच किंचाळला. झाकणात कसला आलाय देव? तिनं ओल्या फडक्यानं ते डोळे पुसून टाकले आणि गप्प राहिली. इतकी वर्षं तिनं काढलेले डोळे दिनानाथच्या नावावर गावोगाव गेले. आता बाया येऊन तिच्या बोटांना हळद लावत होत्या. गप्प राहणं गोड लागत होतं, आणि रात्री तेच घशाशी येत होतं.

राघूच्या छातीवर रक्त दिसलं तेव्हा दिनानाथनं गुरांच्या डॉक्टरांना, कमळाकरांना, बोलावून आणलं. डॉक्टर राघूकडे कमी आणि फळ्यांकडे जास्त बघत राहिले. मग त्यांनी धोतरं मागवून मूर्ती झाकल्या. राघूची मान हळूहळू सैल झाली.

"देव झाकले, मुनी मौनात गेले," बुवा म्हणाला.

"मग देवाशिवाय बघू," डॉक्टर म्हणाले. "वहिनी, या झाकणावर मूर्तीला काढता तसेच डोळे काढा."

तेच झाकण. सगळी आळी बघत होती. चंद्रावतीनं डोळे काढले, पण मिटत आलेले, पापणी खाली ओढलेली, झोपाळू. डॉक्टरांनी झाकण पिंजऱ्यासमोर धरलं.

राघू गप्प.

गर्दीतून हसू फुटलं. "डागदर, म्हशीच बऱ्या तुमच्या," कोणीतरी म्हणालं. बुवा उठला. "आज मुनी पुरं पीसच देतील." त्यानं पिंजऱ्यात हात घातला. राघू ओरडलासुद्धा नाही. गजांना चिकटून थरथरत राहिला, आणि त्याचा एक गोल डोळा चंद्रावतीवर खिळला.

"हात काढा," ती म्हणाली.

तिनं झाकण ओढून घेतलं, पुसलं, आणि तिला येत होते तसे डोळे काढले. टक्क उघडे, समोर रोखलेले. झाकण वर धरलं मात्र, राघूच्या किंचाळीनं कारखाना भरून गेला. तिनं ते लगेच पालथं घातलं.

"मांजर, घुबड असंच समोरून दोन डोळे रोखतं," डॉक्टर म्हणाले. "मोकळं पाखरू उडून जातं. याच्या चारी बाजूंना डोळे आणि मधे गज. मग ते ओरडतं, नाहीतर स्वतःलाच सोलतं. याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवा, पाठीशी भिंत, तीन बाजूंना कापड. वरून हात घालू नका. जवळ बसा, पण तोंड फिरवून."

"मग मघाशी का नाही ओरडला?" बुवानं विचारलं.

सगळे चंद्रावतीकडे वळले. तिनं पिंजरा खाली काढून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेला, कापड घातलं, पेरूची फोड आत सरकवली आणि त्याच्याकडे पाठ करून उंबऱ्यात बसली. दारात सगळी आळी उभी होती. तिची मान वर होईना.

"मघाशी मी मुद्दाम खोटे डोळे काढले. या झाकणाला तो आधीबी ओरडला होता, तवाच मला कळलं होतं. तुमी माझी बोटं पुजलीत, ते मला आवडलं, म्हणून बोलले नाय. माझ्या बोटांत देव नाय. रंग हाय, न् सवय हाय. ते पाखरू भ्यालं होतं, न् त्याच्या भीतीला आपण हात जोडत होतो. यापुढं कुणी चमत्कार म्हटला तर आधी माझ्यासारखं एक झाकण रंगवून बघा. आणि बघून कळलं, तर माझ्यासारखं गप नका बसू."