नैवेद्याची शितं

देवबागला नम्रताच्या घरी पर्यटक उतरतात. पडवीत काचेच्या पेटीत एक सोनेरी मासा होता. घरात मासा असला की घरावरचं संकट तो आपल्या अंगावर घेतो, असं कुणी सांगितलं म्हणून आणलेला. रोज पूजा आटोपली की नम्रता त्याला नैवेद्याच्या भाताची शितं घाली, वर पळीभर पंचामृत ओती, आणि मगच स्वतः पाणी पिई. हा नेम तिने एकदाही मोडला नव्हता.

मार्गशीर्षात माशाचे डोळे सुजून बाहेर आले. उतरलेल्या पाहुण्यांच्या छोट्या आकांक्षाने विचारलं, "काकी, ह्याला काय झालंय?"

"आमच्या घरावरचं संकट त्याने घेतलंय गं," नम्रता म्हणाली आणि माशाला हात जोडले.

गुरुवारी मासा एका बाजूला कलला. उपाशीपोटीच नम्रताने त्याला तांब्यात घेतलं आणि ती खाडीकडे निघाली. वाटेत मासे विकणारी हौसाबाई भेटली.

"काय गो, तांब्यात काय? आज तर तुझो गुरुवार."

"मासो आसा, दुखणेकरी. खाडीत सोडतंय. सुटात बिचारो, तेवढाच पुण्य."

हौसाबाईने टोपली उतरवली. "ह्यो गोड्या पाण्यातलो मासो. खाऱ्यात घटकाभर जगाचो नाय. ह्येका पुण्य म्हणतंस?" मग तिने तांब्याला नाक लावलं. "आणि ह्या पाणी कसला? माझ्या टोपलीक असो वास इलो, तर तू माका दारात उभी करशीत?"

"देवाचो नैवेद्य घालतंय त्येका. तो कसो बाधात?"

"देवाक दाखवलो म्हणून भात आंबाचो ऱ्हवता काय? मी मासे इकून प्वाट भरतंय, ता देव बघता. पण जित्याक कुजवत नाय गो."

नम्रता तांब्या घेऊन तशीच मागे फिरली. मालवणला माशांचं दुकान चालवणाऱ्या सर्वेशला तिने फोन लावला.

"वयनी, खावक काय घालतास?" त्याने पहिलं हेच विचारलं.

आपला नेम तिने आजवर कितीजणांना कौतुकाने सांगितला होता! आज तो तिने खालच्या आवाजात, भराभर सांगून टाकला.

सर्वेशने सांगितलं तसं तिने माशाला विहिरीच्या स्वच्छ पाण्यात वेगळं ठेवलं, त्याच्या दुकानातून आणलेलं मीठ औषधापुरतं मोजून घातलं. मग पेटी उपसली. तळाच्या पांढऱ्या खड्यांखाली बुरशी धरलेली शितं निघाली, ओंजळभर. ज्याला आपण हात जोडत होतो, त्यालाच रोज नासवत होतो. तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे निघाले. आकांक्षाच्या आई-वडिलांसमोरच नम्रता तिच्याजवळ बसली. "त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं, बाळा. संकट वगैरे काही नव्हतं. माझ्यामुळे झालं ते."

महिन्याभरात एका डोळ्याची सूज उतरली. दुसरा पांढरा पडला, तो कायमचाच.

मुक्या जिवाच्या दुखण्याला आपण नशीब म्हणतो, कारण मग कुणी आपल्याकडे बोट दाखवत नाही. पण ज्याला आपण घरात आणलं, त्याला काय मानवतं हे आपणच विचारायला हवं. श्रद्धेने ते काम टळत नाही.

नम्रताचे उपवास चालू आहेत. फक्त आता अंघोळ झाली की आधी ती पेटीतलं थोडं पाणी बदलते, त्या पांढऱ्या डोळ्याकडे एकदा बघते, आणि मग देवापुढे दिवा लावते. तेवढा वेळ देव थांबतो.