दारापाशी बसणारी माणसं

“दगड न्हाय बाई, बर्फ हाय ह्यो. गुडघं धरलं माजं,” माझ्या भिंतीला टेकलेली कडूबाई पुटपुटली आणि सरकत सरकत दारापाशी जाऊन बसली. महिना एप्रिलचा. बाहेर कावळेसुद्धा सावली धरून बसले होते.

मित्रांनो, मी उमरग्याकडच्या एका गावातलं जुनं मेथडिस्ट चॅपल, म्हणजे लहानसं चर्च आहे. शंभरी उलटली माझी. इथल्याच माणसांनी काळा दगड घडवला, बैल जुंपलेल्या घाण्यात चुना मळला. दर थरात भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवले, म्हणजे भिंतीची आतली बाजू बाहेरच्या बाजूला धरून राहते. खिडक्यांना टोकदार कमानी. वर मातीचं जड धाबं नाही. सागवानी कैच्यांचा तिरपा सांगाडा आणि त्यावर हलकी कौलं. एवढं सगळं का केलं, ते मला त्र्याण्णव सालच्या भूकंपात कळलं.

त्या पहाटे मातीत रचलेली दगडी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. माझ्या एका कमानीला केसाएवढी चीर गेली, बस्स. पाहणीला आलेल्या इंजिनिअरांनी माझ्या भिंतीवर हात फिरवून शाबासकी दिली. गावानं मात्र अंगणात पत्र्याचं शेड घातलं. तात्पुरतं, म्हणाले. तीस वर्षं झाली, रविवारची उपासना त्या तात्पुरत्याखालीच होते. उन्हाळ्यात माणसं भाजून निघतात, पावसात पाळकांचा शब्द ऐकू येत नाही, तरी आत कोणी येत नाही. लग्नं पत्र्याखाली, फोटो तेवढे माझ्या कमानीपुढं. मला वाटायचं, म्हातारपणाची लाज वाटत असेल यांना माझ्या.

त्या एप्रिलच्या दिवशी मला पाडून स्लॅबचं चर्च बांधायचा ठराव व्हायचा होता. चर्चच्या वरच्या कचेरीतले साहेब आले होते, म्हणून त्यांच्या मानाखातर बैठक आत भरली. बाकं रिकामी आणि सगळा गाव दारापाशी कोंडाळं करून.

“पाडायचं कशासाठी?” साहेबांनी विचारलं.

“वटवाघळं लई झाली,” कमिटीचा चिटणीस बलभीम म्हणाला.

“मग जाळी लावा.”

“आवाज घुमतो, साहेब.”

“शेडमध्ये तरी कुठं ऐकू येतं?”

“गारठा हाय,” पदरानं घाम पुसत कडूबाई म्हणाली.

साहेब हसले. बाकी कोणी हसलं नाही. बलभीमनं ठरावाचा कागद पुढं सरकवला.

मित्रांनो, जुनं नको झालं तर पाडा. पण खरं कारण तोंडावर सांगा. ज्यानं जन्मभर तुमच्यासाठी ऊन-पाऊस अंगावर घेतला, त्याला वटवाघळांच्या नावानं घालवू नका.

साहेबांनी पेन उघडलं, तेवढ्यात पायरीवरून प्रेमाबाई बोलली. ही दर शनिवारी माझी पायरी झाडते, उंबरा मात्र कधी ओलांडत नाही.

“थांबा साहेब. वटवाघळं न्हाईत आन् गारठाबी न्हाय. भूकंपात माझी लेक अर्पिता आमच्या घराच्या भिंतीखाली गेली. तीन वर्साची व्हती. ह्या हातांनी दगड उचलले म्या.” बलभीम खाली बघू लागला. “ह्या भिंतीनं आमचं काय बी वाकडं केलं न्हाय. पर आत पाऊल टाकलं की दगडाचं भ्या वाटतं. मला एकलीलाच न्हाय. हितं बसलेल्या समद्यांना.”