पिवळं लाकूड

"आंटी, हे पिवळं का केलंत?" ओट्यावरच्या केकभोवती मान फिरवत विनिताने विचारलं. "फोटोत तर ब्राऊन होतं."

वसईच्या एव्हरशाईन सिटीतून ती निर्मळ गावापर्यंत रिक्षा करून आली होती. मुलीच्या, खुशीच्या वाढदिवसाला जंगलाची थीम, म्हणून केक कापलेल्या झाडाच्या बुंध्यासारखा हवा होता. मॅग्डलीनने मोबाइल ओढून फोटो पाहिला. खरंच, तपकिरी होतं. वीस वर्षं ती केक करत होती, पण रंग कधी चुकला नव्हता.

साल झकास उतरली होती. चॉकलेटी फाँडंट, म्हणजे साखरेचा मळलेला गोळा, लाटून तिने कोऱ्या टूथब्रशने तो खरबरीत केला होता. वरच्या कापलेल्या भागासाठी मात्र हात आपसूक पिवळ्याकडे गेला. पिवळ्या नि बदामी पट्ट्या एकीला एक लावून तिने मधल्या ठिपक्याभोवती गुंडाळल्या, वरून हलकं लाटणं फिरवलं. रेषा एकमेकींत मुरल्या आणि लाकूड दिसू लागलं. ताजं कापलेलं फणसाचं झाड आतून असंच असतं.

फणस दारातलाच होता. तिच्या नवऱ्याने, ऑगस्टीनने, मुलाच्या, जेसनच्या, बाप्तिस्म्याच्या दिवशी लावलेला. ऑगस्टीन जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात ती तीन दिवस चर्चच्या प्रार्थना-रिट्रीटला गेली आणि परतली, तर झाडाच्या जागी पेव्हर ब्लॉक बसलेले. कुंपणाशी दोन पिवळेजर्द ओंडके.

"गाडीला जागा पायजे होती, मम्मा," जेसन म्हणाला होता. "तुला विचारलं असतं तर तू नाहीच बोलली असतीस."

ती नेहमीसारखी कामाला लागली. जेवण वाढत राहिली, ऑर्डरी घेत राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. राग तरी यावा, तर तोही येईना. आत सगळं बधिर झालं होतं. जेसन मात्र स्वतःच्या घरात चोरासारखा वावरत होता. आई एकदा कडाकडा भांडली असती तर बिचारा सुटला असता.

आत्ता तो दारात उभा होता. "फणस कापला की असाच दिसतो, मॅडम," तो बोलून गेला.

"असेल हो, पण खुशी ऐकायची नाही," विनिता म्हणाली. "काही करता येईल?"

"बसा. पाच मिन्टं."

मॅग्डलीनने कोको चमचाभर दारूत कालवला. पाण्याने फाँडंट चिकट होतो. कडेपासून आत, ती ब्रश फिरवू लागली.

"मम्मा," जेसन हळूच म्हणाला, "मधला थोडा पिवळा राहू दे ना."

ब्रश थांबला नाही. "गिऱ्हाईकाला आपल्या फनसाचं काय?"

त्या झाडाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली होती. ती आणखी काही बोलेल म्हणून जेसन थांबला. ती मधला ठिपकाही रंगवून मोकळी झाली.

विनिता खूश झाली. रिक्षापर्यंत न्यायला खोका जेसनने उचलला. त्याने तो तिरका धरू नये म्हणून मॅग्डलीन खिडकीतून बघत होती. विनिता नव्या ब्लॉकांवरून सरळ फाटकाकडे गेली. जेसन पायरी उतरला, चार पावलं चालला आणि फणस होता त्या मोकळ्या जागेला डावीकडून वळसा घालून गेला.

हातातला ब्रश तसाच धरून मॅग्डलीन खाली बसली.