शेजाऱ्यांची सरासरी

त्या इमारतीत सगळे तिला चाळणीबाई म्हणत, आणि तिला त्याचा रागही येत नसे. तळमजल्यावर तळ्याचं पाणी तपासणारे बसत, पहिल्या मजल्यावर मधमाश्यांच्या पेट्यांचं वजन करणारे, दुसऱ्यावर पुलांचे हादरे टिपणारे आणि तिसऱ्यावर डोंगर कुठे सरकतोय का ते बघणारे. शास्त्रं निरनिराळी, पण रडगाणं एकच, यंत्रं खोटं बोलतात. तळ्यातला तापमापक कुणीतरी काढून उन्हात दगडावर ठेवलेला असायचा. एकदा मधमाश्यांच्या पेटीवर मांजर येऊन झोपलं होतं. मांजराच्या वजनाइतका मध एका दुपारात वाढलेला बघून त्या मंडळींनी अहवालाचा मथळासुद्धा लिहून ठेवला होता. असं काही झालं की सगळे जिना चढून तिच्याकडे येत.

कारण चाळणी तिने लिहिली होती. चाळणी म्हणजे संगणकावरचा एक छोटासा प्रोग्राम, आणि त्याचा नियम शाळकरी पोरालाही कळेल असा. एका जागेच्या आसपास दहा-बारा यंत्रं लावली आहेत, सगळी एकच सांगतायत आणि एक भलतंच सांगतंय, तर ते एक बिघडलेलं. त्याचा आकडा कचऱ्यात टाकायचा आणि त्या जागी शेजाऱ्यांची सरासरी भरायची. तळं असो, पूल असो, मधमाशी असो, चाळणीला सगळे सारखे. याचाच तिला मोठा अभिमान होता.

दोन महिन्यांपूर्वी त्या चाळणीने तिच्या धाकट्या भावाचा जीव घेतला. निदान तिला तरी तसंच वाटत होतं, आणि ते तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

धाकटा तिसऱ्या मजल्यावरच होता, पण खुर्चीत कधी सापडायचा नाही. डोंगराच्या उतारावर खुंट ठोकून त्यावर यंत्राच्या पेट्या बसवायच्या, हे त्याचं काम. खुंट किती कलला ते पेटी दर दहा मिनिटांनी कळवायची. अशा बारा पेट्या त्याने एका उतारावर बसवल्या होत्या. घरी त्याला खुंट्या म्हणायचे ते मात्र लहानपणापासून, कारण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की हा जागचा हलायचा नाही.

सात नंबरची पेटी सांगायला लागली की खुंट कलतोय. बाकीच्या अकरा म्हणत होत्या, सगळं ठीक आहे. चाळणीने सातचे आकडे कचऱ्यात टाकले. चौथ्या दिवशी धाकट्याचा फोन आला.

"ताई, सात नंबर बिघडलेली नाहीये. मी वर जाऊन हात लावून बघितलंय. स्क्रू घट्ट आहेत, खुंट पक्का आहे. जमीनच कलतेय."

"अरे, अकरा जणी एकीकडे आणि तुझी लाडकी एकीकडे. कुणाचं ऐकू?"

"तू माझं ऐक की."

"तुझं लहानपणापासून ऐकतेय. मुकाट्याने वर जा, ती पेटी काढून आण आणि तिथे नवीन बसव. नवीनही तेच बोलली तर बघू."

तो हसला आणि म्हणाला, "बरं, चाळणीबाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर गेला. तो सातच्या खुंटापाशी पोचला असेल-नसेल, तोच उतार खाली आला. खालच्या रस्त्यावर तेव्हा कुणी नव्हतं, त्यामुळे बातमी चार ओळींची झाली. धाकटा तिसऱ्या दिवशी सापडला. त्याची पिशवी काही सापडली नाही.

चौकशी झाली. साहेबांनी आकड्यांचा तक्ता मागितला आणि तिने तो दिला. चाळलेला, स्वच्छ तक्ता होता तो. त्यात सातच्या रांगेत शेजाऱ्यांची सरासरी शहाण्या मुलीसारखी बसली होती. अहवालात दोन वाक्यं आली. कोणत्याही यंत्राने पूर्वसूचना दिली नव्हती. कर्मचारी कुणी सांगितलेलं नसताना आपणहून वर गेला होता. साहेबांनी ती वाचून दाखवली तेव्हा भावजय मान खाली घालून समोर बसली होती. कुणीतरी हळहळत म्हणालं, "हट्टी होता हो फार." तेव्हाच चाळणीबाईने तोंड उघडायला हवं होतं. तिने उघडलं नाही. त्याला कारण भीती, दुसरं काहीही नाही. आणि एकदा गिळलेला शब्द दुसऱ्या दिवशी आणखी जड होतो.

मग अहवालानंतर आठवडाभरात एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपून सगळे जांभया देत असताना, तिच्या पडद्यावर सात नंबर बोलली.

तिला वाटलं, जुना आकडा असेल. दहा मिनिटांनी दुसरा आला, मग तिसरा. ती पेटी बनवणाऱ्या कारागिराकडे धावत गेली. तो डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "असेल की चालू. ढिगाऱ्यात वरवर कुठेतरी पडली असेल, माती निघाली, सिग्नल सुटला. आत सेल चांगले घातलेत मी. दोन वर्षं बोलेल."

दोन वर्षं!

भुताखेतांना भिणाऱ्यातली ती नव्हती. ढिगारा बसतोय म्हणून पेटी हलतेय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय उपयोग? दर दहा मिनिटांनी तिचे हात थांबत. समोरचा माणूस बोलत असे आणि ही पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत असे. एकदा तिने मन घट्ट करून सातला यादीतून काढून टाकलं, तर ती खाली 'अनोळखी' म्हणून उमटायला लागली. भावाने स्वतःच्या हाताने बसवलेली पेटी अनोळखी! तिने ती परत यादीत घातली आणि तोंड धुवून आली.

सगळ्यात वाईट निराळंच होतं. बाकीच्या अकरा पेट्या मुक्या झाल्या होत्या. शेजारीच उरले नाहीत तर सरासरी कुणाची काढणार? त्यामुळे चाळणीला सात नंबर खोटी ठरवता येईना. आता तिचा प्रत्येक आकडा खरा म्हणून नोंदला जात होता. तिला वाटे, धाकटा खालून सांगतोय आणि आता कुणी मध्ये बोलत नाहीये. घरी भांडी घासतानाही तिचं लक्ष घड्याळाकडे जायचं. आता बोलला असेल.

अशातच पलीकडच्या इस्पितळातले हृदयाचे डॉक्टर पेढीवर उधारी मागायला आल्यासारखे हसत हसत आले. "बाई, तुमची चाळणी आम्हाला पण द्या. गेल्या आठवड्यात तुमच्या पुलवाल्यांकडून नमुना नेला, वॉर्डात लावून बघितला. रोग्याच्या छातीवर तारांच्या पट्ट्या असतात. एखादी सैल झाली की यंत्र बोंबलतं. सिस्टर बिचाऱ्या दिवसभर धावतात. चाळणी लावल्यापासून कसं शांत झालंय! सोमवारपासून सगळ्या वॉर्डांत लावतो. तुम्ही फक्त सही करा."

"मी आधी बघते," ती म्हणाली आणि तशीच त्यांच्याबरोबर निघाली.

वॉर्डात खरंच शांत होतं. दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं, पडद्यांवर हिरव्या रेषा निमूट चालल्या होत्या. सिस्टरने तिचे हातच धरले. "तुम्हीच का त्या? देव तुमचं भलं करो. चार दिवस झाले, पाय दुखले नाहीत माझे."

चाळणीबाईने कचरा उघडायला सांगितला. डॉक्टरांना आधी कळेचना, कचरा बघायला येणारी पाहुणी त्यांनी पहिलीच बघितली. चौथ्या खाटेवर एक म्हातारी झोपली होती. तिची एक पट्टी दोन तास वेगळंच काही सांगत होती. चाळणीने ते सगळं कचऱ्यात टाकलं होतं आणि पडद्यावर शेजाऱ्यांची सरासरी छान चालली होती.

"पट्टी सैल असेल," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, ती काढून नवीन लावा."

"काढू नका!" तिचा आवाज इतका चढला की पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "काढू नका. आधी हात लावून बघा."

सिस्टरने म्हातारीला हलकेच जागं केलं, पट्टीवर बोट फिरवलं. घामाने पट्टीचा एक कोपरा उचलला गेला होता. तिने तो दाबला. रेषा झटकन बाकीच्यांसारखी झाली. म्हातारी म्हणाली, "झालं का? झोपू का मी?"

डॉक्टर खुशीत आले. "बघा! सैलच होती. तुमची चाळणी बरोबर होती, आणि तुम्हीच घाबरलात. घ्या, करा सही."

खरं म्हणजे इथे ती सुटत होती. चाळणी बरोबर निघाली होती. दहातल्या नऊ वेळा ती बरोबरच निघायची, म्हणून तर तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी पुढे केलेलं पेन तिने हातात घेतलं. मग खाली ठेवलं.

"सैल होती हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"म्हणजे काय? सिस्टरने हात लावून बघितलं."

"माझ्या भावानेही हात लावून बघितलं होतं," ती म्हणाली. "पेटी घट्ट होती. त्याने मला फोन करून सांगितलं आणि मी ऐकलं नाही. काढून आण, म्हटलं. ती काढायला गेला आणि मेला. तो आपणहून गेला नव्हता, डॉक्टर. मी पाठवलं होतं."

दोन महिन्यांत हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं. डॉक्टरांनी सहीचा कागद घडी करून खिशात घातला. "सोमवारचं राहू द्या," ते एवढंच म्हणाले.

ती कार्यालयात परतली. सातचे सगळे टाकलेले आकडे कागदावर छापले, त्याच्या वर स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब वाचत असताना ती उभीच राहिली. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? नोकरी जाईल तुमची." ती हो म्हणाली. नोकरीचं तिला काही वाटलं नाही. तिला पुढच्या दाराची भीती होती.

उजेड असतानाच ती भावजयीच्या दारात पोचली. भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती. आज अवेळी कशा, असं तिने विचारलं नाही. चाळणीबाईने कागदाची दुसरी प्रत पुढे केली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. चाळणी, फोन, 'काढून आण', चौकशीतलं मौन. सांगताना ती रडली नाही, रडायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटत होतं. भावजय अर्धवट घडी मांडीवर घेऊन ऐकत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी बूट घालताना तो म्हणाला, ताईने पाठवलंय, दुपारपर्यंत येतो."

चाळणीबाई कपड्यांच्या ढिगाशेजारी बसली. "मग तू चौकशीत बोलली का नाहीस गं? तुझ्यासमोर त्याला हट्टी म्हणाले."

"मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, नणंद-भावजयीचं भांडण आहे. तुमच्या तोंडून यायला हवं होतं, ताई." तिने घडी पुरी केली आणि ढिगावर ठेवली. "दर रविवारी तुम्ही यायच्या. चहा घ्यायच्या, माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. मला वाटायचं, आज सांगतील. तुम्ही पायऱ्या उतरेपर्यंत मी दारात उभी असायचे. आठ रविवार."

"चुकले मी," चाळणीबाई म्हणाली. "मला माफ कर असंही म्हणवत नाही."

"नका म्हणू." भावजयीने कागद उचलला आणि बोटाने एकेक आकडा वाचत खालपर्यंत गेली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी एकही ओळ तिने सोडली नाही. "हे सगळं त्याचं बरोबर होतं?"

"सगळं."

भावजयीने डोळे पुसले आणि कागदाची नीट घडी घातली. "हा मी ठेवते," ती म्हणाली. "आणि तुम्ही येत जा, ताई. माणूस तोडायचं नाही मला. पण रविवारी नका येऊ."