भिंतीवरच्या फुल्या

दादाच्या गाडीला तिसऱ्यांदा नवे दिवे बसत होते, आणि ते बसेपर्यंत मला या घरातून बाहेर पडता येणार नव्हते. हे मी मुद्दाम इतके सरळ लिहिते आहे. पाच महिने तीच गोष्ट माझ्यापुढे नाना वेषांत आली होती. कधी काळजी म्हणून, कधी तंत्रज्ञान म्हणून, आणि एकदा तर चक्क बंधुप्रेम म्हणून.

आले होते तीन आठवड्यांसाठी. वहिनी जिन्यावरून पडली, पाय मोडला, घरात तिसरे माणूस नाही, असा निरोप होता. पाय जुळला, काठी सुटली, वहिनी पूर्वीसारखी तरातरा चालू लागली. मी मात्र राहिले. खाणीच्या वसाहतीतून शहराकडे उतरणारा रस्ता एकच आणि तोही खाणीचा. उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्यावर डंपर धावतात. त्या वेळात खाजगी गाडीला फाटक उघडत नाही आणि डंपरमध्ये कामगाराखेरीज कोणाला बसू देत नाहीत. म्हणजे ज्याला जायचे त्याने अंधारात जावे, उजवीकडे कडा आणि डावीकडे काहीच नाही अशा चौदा किलोमीटरांवरून. कोणी ठरवून बांधला असता तर या तुरुंगाचे कौतुक तरी करता आले असते. हा नुसत्या नियमावलीतून आपोआप उगवला होता.

सोमवारी सकाळी अकराला मला संग्रहालयाच्या हस्तलिखित विभागात हजर व्हायचे होते. अकरा वर्षे कंत्राटावर इतरांच्या नावाने छापल्या जाणाऱ्या सूच्या केल्या, तेव्हा ही पहिली कायम जागा मिळाली. हजर न झाल्यास ती यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल, असे पत्रात होते. तो कोण हे मला ठाऊक होते, आणि त्याला जुनी लिपी सलग चार ओळी वाचता येत नाही, हेही.

आज गुरुवार होता, दादाच्या साप्ताहिक सुट्टीचा.

"पंडित, दहाचा पाना दे," दादा गाडीखालून म्हणाला. मी वाचायला शिकले त्या वर्षापासून त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही.

"दोन वेळा तोच नट आवळलास."

"मग तिसऱ्यांदा आवळतो. तुझ्या पोथ्यांत पाठभेद असतात ना? तसं."

दादा आधी खाणीच्या वर्कशॉपात होता, आता दिवसा डंपर चालवतो. मोकळा वेळ आणि बरीचशी बुद्धी त्याने या उंच चाकांच्या, डोंगर चढणाऱ्या गाडीत ओतली आहे. आधी बंपरवर दोन पिवळे जादा दिवे होते. मग चार पांढरे आले. आता हे दोन, एलईडीचे, ताटाएवढे. दर वेळी तो एकदा उजेड पाहायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "या दिव्यांवर उतरायचं म्हणजे डोळे मिटून उतरणं." की पुन्हा नवी मागणी, पुन्हा महिनाभर वाट. दुसऱ्या कोणाला विचारावे, तर वजनकाट्यावरचा कारकून हात जोडून म्हणाला, "ताई, वसाहतीतले सगळ्यात भारी दिवे तुमच्या घरी, आणि तुम्ही माझ्या खटाऱ्यात बसणार? तुमचे दादा माझं नाव टाकतील."

मी दिव्यांसोबत आलेले माहितीपत्रक पुन्हा एकदा वाचून काढले. सहा भाषांत होते. पाचांत चुका होत्या. पण अर्थिंगची तार रंग पूर्ण खरवडलेल्या लोखंडावरच आवळावी, यावर सहाही भाषांचे एकमत होते. मी वाकून पाहिले. बोल्टखाली काळा रंग जसाच्या तसा होता. खरवडले होते दोन बोटे पलीकडे.

"दादा, तार रंगावर आवळली आहेस."

"खरवडलाय की."

"शेजारी."

तो बोल्टकडे वळला. अंगठ्याने चाचपत राहिला. ज्याने आयुष्यभर इंजिने उघडली त्याच्या हातून अशी चूक होत नाही. ती केली जाते. त्या क्षणी माझी खात्री झाली की हे दिवे कधीच लागणार नव्हते. घराला फुकटची दुसरी बाई मिळाली होती, आणि तिला ठेवून घेण्याची यापेक्षा सभ्य पद्धत नव्हती. मी आरडाओरडा केला नाही. मी तार काढली, रंग खरवडला, आवळली. रिले टिकटिकला. दिवे लागले. ते लगेच बंद करून मी म्हटले, "चल, नेम धरू."

नेम धरण्याची रीत अशी. घराशेजारची शेड लांबट आहे, पूर्वी खाणीची यंत्रे ठेवायची. गाडी भिंतीपासून दहा पावलांवर उभी करायची, दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर फुली काढायची, आणि झोताचा गाभा फुलीच्या किंचित खाली येईपर्यंत दिवा झुकवायचा. भर दुपारी काम करायचे तर शटर खाली ओढायचे. फुल्या आजवर दादानेच काढल्या होत्या, आणि वर्कशॉपच्या सवयीने प्रत्येकीशेजारी तारीख घातली होती.

मी शटर ओढले. खालच्या फटीतून आणि झरोक्यातून पुरेसा उजेड येत होता. खडू घेऊन भिंतीशी गेले आणि तिथेच थांबले.

पहिली फुली पेन्सिलीची होती, केसाएवढी बारीक. तारखेचे आकडे तांदळाएवढे. दुसरी खडूची, आकडे बोटभर. तिसरी, या दिव्यांसाठी आधीच काढलेली, चुन्यात बुडवलेल्या कुंच्याची, आकडे तळहाताएवढे, आणि शेवटचा आकडा ओळ सोडून खाली घसरलेला. लेखनिकाची नजर मंदावत जाते तशी त्याची अक्षरे मोठी होत जातात आणि ओळ सुटते. या निकषावर एका पोथीचा काळ ठरवणारा निबंध मी स्वतः लिहिला आहे. त्यावर तीन विद्वानांशी भांडले आहे. आणि पाच महिने या भिंतीसमोरून येता-जाता मला दिसले काय, तर पसारा.

मी ओले फडके घेतले आणि तिन्ही फुल्या पुसल्या. मग खडू भिंतीला न टेकवता हात दोनदा आडवा-उभा फिरवला.

"फुली मध्यावर आली का बघ," मी म्हटले.

गाडीत बसलेल्या दादाने मान पुढे काढली. डोळे बारीक केले. "एकदम मध्यावर," तो म्हणाला. "हात बसला तुझा, पंडित."

भिंत कोरी होती.

वहिनी मघापासून आत शटरपाशी उभी होती. तिने भिंतीकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे. "झालं समाधान?" ती म्हणाली. "परीक्षा घ्यायची खोड जाणार नाही तुमची, वन्सं."

"तुला माहीत होतं?"

"माझा पाय जिन्यावर मोडला असं खरंच वाटतं तुम्हाला? घरात जिना आहे का?"

घर तळमजल्याचे आहे. निरोप फोनवर आला होता, आणि आल्यावर मी घरात शोधायला हवा होता तो जिना.

"हे तिन्हीसांजेला गाडी मागे घेत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "मी मागे उभी होते. हाका मारत होते, या, या म्हणून."

दादा खाली उतरला. भिंतीशी जाऊन त्याने तळवा ओल्या डागावर ठेवला, फुली हाताला लागेल अशा आशेने. "दिवसा लख्ख दिसतं," तो म्हणाला. "दिवसा एक खडा चुकवत नाही मी. पुढच्या महिन्यात ड्रायव्हरांच्या डोळ्यांची तपासणी आहे, ती दिवसाच असते." मग म्हणाला, "मला वाटलं, दिवेच कमी पडतायत."

माझा युक्तिवाद निर्दोष ठरला होता, आणि त्याच्या शेवटाला मी होते तिथेच उभी होते. ज्याच्यावर संतापायचे तो कट रचणारा माणूसच शिल्लक राहिला नव्हता. फाटकावर त्याच्या डोळ्यांबद्दल एक शब्द बोलले असते तर खाणीने त्याला तपासायला नेणाऱ्या दवाखान्याच्या गाडीतून मलाही खाली पोचवले असते, आणि सोमवारपासून दादा घरी बसला असता. गाडी चालवणारा एक, त्याला दिसत नाही. जिला दिसते तिला चालवता येत नाही.

"शिकव मला," मी म्हटले.

"तीन दिवसांत?"

"मृत भाषा नाही ना ही?"

"पण वन्सं, बाहेर नको," वहिनी पटकन म्हणाली. "लोक विचारतील, दादा असताना बहीण का शिकतेय."

म्हणून मी शेडमध्ये शिकले. शटर धूर जाण्यापुरते गुडघ्याएवढे वर. दहा पावले पुढे, भिंत. दहा पावले मागे, शटर. गाडी एकवीस वेळा बंद पडली. एकदा नव्या दिव्याची जाळी भिंतीला घासली. दादाने डोळे मिटले आणि एवढेच विचारले, "काच?" स्टिअरिंग पूर्ण फिरवून पाहण्याइतकी जागा शेडमध्ये नव्हती; वळण त्याने मला रिकाम्या ताटावर शिकवले.

"तू परत कसा येणार?" रविवारी मी विचारले.

"डंपरनं. कामगार आहे अजून."

"आणि गाडी?"

"राहू दे तुझ्याकडे." तो बंपर पुसत होता, जिथे धूळ नव्हती तिथे. "खाली रस्त्यावर दिवे असतात."

सोमवारी पहाटे चारला पहारेकऱ्याने फाटकात टॉर्च मारली. "दादा, आज ताईंच्या हाती?"

"नवीन दिवे आहेत रे. बाजूला बसून बघायचेत एकदा."

फाटक मागे बंद झाले. झोताने पुढे एक पांढरी खोली उभी केली, आणि मी चालेन तशी तीही चालू लागली. तिची समोरची भिंत जवळ येत नव्हती आणि हटतही नव्हती. पहिला गिअर. दादा पाठांतरासारखा बोलत होता: आता चढ, आता खड्डा, आता उजवं वळण, लांब, घाई नको. एकही शब्द चुकत नव्हता. मग तो एकदम थांबला.

"पंडित, डावीकडे काय दिसतंय?"

मी पाहिले. उजेड कडेच्या दगडांपर्यंत जात होता आणि तिथे संपत होता.

"काही नाही."

"मग बरोबर आलो," दादा म्हणाला. "तशीच चल."